जबाबदारी वाशिमला, अधिकार मुंबईला

खरिपाच्या तोंडावर जिल्ह्याजिल्ह्यांत आढावा बैठका होतात, तशी वाशिमलाही होते. समोर पालकमंत्री किंवा जिल्हाधिकारी, बाजूला अग्रणी बँकेचे जिल्हा व्यवस्थापक आणि मागच्या रांगांत बँकांचे समन्वयक मान खाली घालून बसलेले. पीक कर्जवाटपाची टक्केवारी वाचली जाते, जिची कमी भरते त्या बँकेच्या माणसाला उभे केले जाते, 'सिबिल'ची अट घातली तर गुन्हा दाखल करू असे बजावले जाते आणि दुसऱ्या दिवशी 'बँकांची कानउघाडणी' अशी बातमी छापून येते. पुढच्या खरिपाला पुन्हा तेच. शाखेत जाऊन आलेल्या खातेदाराचे गाऱ्हाणेही ठरलेले असते: काउंटरवरचा माणूस नीट बोलत नाही, मान वर करून बघत नाही, उद्या या म्हणतो. ही तक्रार खोटी नाही. पण त्या माणसाचे कामातले मन का उडाले, हा प्रश्न ना बैठकीत विचारला जातो ना बातमीत. विचारलाच तर उत्तर तयार असते, की सरकारी नोकरी, पक्का पगार, त्याला कसली फिकीर! मला हे उत्तर पटत नाही. बँक कर्मचारी कामात किती जीव ओततो, हे ज्या कामासाठी त्याला जाब विचारला जातो ते काम तडीस नेण्याचा अधिकार त्याच्या हातात किती आहे, यावर इतर कशाहूनही जास्त ठरते असे माझे म्हणणे आहे. पगार, प्रशिक्षण, बक्षिसे, योगदिनाचे फोटो या गोष्टी त्यानंतर येतात.

रिसोड किंवा मानोऱ्याच्या एखाद्या शाखेत जून महिन्यात पीक कर्जाचे नवं-जुनं कसे होते ते पाहिले की मुद्दा लवकर कळतो. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर महाराष्ट्रात शेतकऱ्याला व्याज शून्य पडते. मात्र त्यासाठी जुनी रक्कम आधी भरावी लागते, मग नवे कर्ज मंजूर होते. सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याकडे जूनमध्ये एवढी रोकड कुठून असणार? २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समित्यांतला भाव चार हजारांच्या आसपास रेंगाळत होता. मग तो अडत्याकडून, सोयऱ्याकडून किंवा सावकाराकडून दोन-चार दिवसांसाठी हातउसने घेतो, खात्यात भरतो, आणि नवे कर्ज जमा झाले की परत करतो. शाखेतल्या कृषी अधिकाऱ्याला हे सगळे ठाऊक असते. तो सातबारा पाहतो, आठ-अ पाहतो, बोजाची नोंद तपासतो, इतर बँकांचे नो-ड्यूज मागतो, आणि प्रकरण संगणकावर चढवतो. पुढे अनेक बँकांत निर्णय शाखेत होत नाही. प्रकरण विभागीय पातळीवरच्या प्रक्रिया केंद्रात जाते. तिथल्या माणसाने ना शेत पाहिलेले असते ना शेतकरी. जुन्या ट्रॅक्टर कर्जाचा एखादा हप्ता थकलेला दिसला, नावात एका अक्षराचा फरक निघाला, की प्रकरण शेरा मारून परत. इकडे त्या शेतकऱ्याच्या हातउसन्या पैशाचे दिवस मोजले जात असतात. तो शाखेत येऊन कोणावर ओरडणार? जो समोर बसला आहे त्याच्यावरच. आणि त्याच संध्याकाळी विभागीय कार्यालयाच्या 'व्हीसी'त, म्हणजे व्हिडिओ बैठकीत, त्या अधिकाऱ्याला विचारले जाते की आज विम्याच्या पॉलिसी किती झाल्या. ज्याने दिवसभर खरे बँकिंग केले त्याचा हिशेब बँकिंग सोडून दुसऱ्याच गोष्टीवर होतो. असे वर्षभर चालले की चांगला माणूसही 'उद्या या' म्हणायला शिकतो. ती त्याची ढाल असते.

वाशिमचे एक वेगळेपणही आहे. २०१८च्या जानेवारीत केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव, गडचिरोली आणि वाशिम हे चार जिल्हे निवडले गेले. वित्तीय समावेशन हा त्या कार्यक्रमाच्या मोजपट्टीचा एक भाग. लाख लोकसंख्येमागे किती जनधन खाती, किती जणांचा जीवनज्योती आणि सुरक्षा विमा, किती जण अटल पेन्शनमध्ये, मुद्रा कर्ज किती वाटले, यावर जिल्ह्याचे गुण ठरतात आणि दिल्लीतल्या फलकावर क्रमांक वरखाली होतो. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या, सहा तालुक्यांच्या आणि बारा लाखांच्या आतबाहेर लोकसंख्येच्या या जिल्ह्यात ही मोजणी उपयोगी नव्हती असे कोण म्हणेल? गावोगाव खाती उघडली म्हणून तर २०२४च्या ऑगस्टमध्ये लाडक्या बहिणींचे तीन हजार रुपये थेट खात्यात पडू शकले. पण त्याच ऑगस्टमध्ये आधार जोडणीसाठी, केवायसीसाठी, बंद पडलेले खाते चालू करण्यासाठी राज्यभर शाखांसमोर ज्या रांगा लागल्या, त्या उपसायला जादा माणूस कोणी दिला? योजना सरकारची, खाते बँकेचे आणि रांग उपसायची ती काउंटरवर बसलेल्या दोघांनी. वाशिमच्या शाखेवर एक टार्गेट बँकेचे असते, दुसरे जिल्हा प्रशासनाचे, आणि दोन्ही ठरवणाऱ्यांपैकी कोणी शाखेला विचारलेले नसते.

कर्मचाऱ्याचे मन कामात कधी गुंतते, यावर जगभर बरेच संशोधन झाले आहे. बॉस्टन विद्यापीठातल्या विल्यम कान यांनी १९९० साली मांडलेली तीन पथ्ये आजही आधाराला घेतली जातात. आपण करतो त्याला काही अर्थ आहे असे वाटले पाहिजे, मनातले बोललो तर अंगाशी येणार नाही अशी खात्री पाहिजे, आणि कामात ओतायला अंगात त्राण शिल्लक पाहिजे. पगार या यादीत नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत सहसा सुटते. पगाराचे महत्त्व मी नाकारत नाही. मार्च २०२४ मध्ये झालेल्या बाराव्या द्विपक्षीय करारात सतरा टक्के वाढ मिळाली, वर्षाला ८,२८४ कोटींचा बोजा बँकांनी उचलला, आणि कर्मचाऱ्यांना ती वाढ हवीच होती. तरी वर्षभरातच, मार्च २०२५ मध्ये, नऊ संघटनांच्या संयुक्त मंचाने दोन दिवसांच्या संपाची हाक दिली. पुढे तो संप स्थगित झाला, पण मागण्यांत अग्रभागी काय होते ते पाहण्यासारखे आहे: पुरेशी नोकरभरती, पाच दिवसांचा आठवडा, शाखेतल्या माणसांना होणाऱ्या मारहाणीपासून संरक्षण, आणि कामगिरी मोजण्याविषयीचे केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाचे नवे निर्देश मागे घेणे. कानच्या तीन पथ्यांपैकी दोन या मागण्यांत सरळ दिसतात. बक्षिसाचीही अशीच गत आहे. २०२०च्या करारात कामगिरीशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता आला. त्याचे गणित पूर्ण बँकेच्या परिचालन नफ्यावर चालते: नफा पाच टक्क्यांहून अधिक वाढला तर पाच दिवसांचे वेतन, दहाच्या वर गेला तर दहा दिवसांचे, पंधराच्या वर पंधरा. मालेगाव तालुक्यातल्या लिपिकाने वर्षभर कितीही हाडे झिजवली तरी मुंबईतल्या ट्रेझरीच्या एका दिवसाच्या उलाढालीपुढे त्याचा हिशेब दिसणार नाही. असा भत्ता दिवाळीला उपयोगी पडतो. त्याने कामात रस वाढेल ही अपेक्षा भाबडी आहे.

माणसांच्या संख्येकडे आता यावे लागेल. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांचा हवाला देऊन संघटनांनी सांगितले, की २०१३ मध्ये सरकारी बँकांत आठ लाख ८६ हजार माणसे होती, ती मार्च २०२४ला सात लाख ४६ हजारांवर आली. सर्वांत मोठी घट लिपिकांत आहे, सुमारे चार लाखांवरून अडीच लाखांच्या खाली. याच काळात जनधनची पन्नास कोटींहून जास्त खाती उघडली गेली. संगणक आला, मोबाइल आला, मग माणसे कमी लागणारच, असे यावर म्हणतात. पुण्या-ठाण्याच्या शाखेपुरते ते खरे असेल. पण ज्या खातेदाराला अंगठा जुळत नाही म्हणून परत यावे लागते, ज्या आजोबांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो, ज्या बाईला आलेला मेसेज वाचून घ्यायचा असतो, त्यांचे काम मोबाइलने कमी केलेले नाही. उलट मोबाइलने फसवलेल्यांची एक नवी रांग लावली आहे. आणि संख्येपेक्षाही जास्त नुकसान एका जुन्या निर्णयाने केले, असे मला वाटते. २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून लाखभर माणसे बाहेर पडली. २००१ मध्ये बँक भरती मंडळे गुंडाळली गेली आणि मग जवळजवळ दशकभर भरती रोडावली. सरकारी बँकांच्या मनुष्यबळाचा अभ्यास करणाऱ्या खंडेलवाल समितीने २०१० मध्येच इशारा दिला होता, की अनुभवी माणसे भराभर निवृत्त होणार आहेत आणि त्यांची जागा घ्यायला मधली पिढीच नाही. २०११ पासून आयबीपीएसची सामाईक परीक्षा सुरू झाली, तरुण मुले-मुली आली, त्यांत अभियंत्यांचा भरणा मोठा. पण शेजारच्या टेबलावर बसून 'हा माणूस कर्ज बुडवणार नाही, याच्या बापाला मी ओळखतो' असे सांगणारा हेडकॅशियर तोवर निवृत्त झाला होता. बँकिंग हे हाताखाली शिकण्याचे काम आहे. ते शिकवणारे हात मध्येच तुटले, आणि नव्या मुलांची शाखेत पहिली भेट झाली ती टार्गेटच्या तक्त्याशी. त्यांतली बरीच मुले काउंटरवर बसूनच पुढच्या परीक्षेचा अभ्यास करतात, आणि त्याचा राग मला येत नाही.

टार्गेटविषयीची खरी तक्रार ते अवघड असल्याची नाही. अवघड काम माणसाला आवडते. तक्रार ही आहे, की ते पुरे करायला स्वतःच्या मनाला न पटणारे काहीतरी करावे लागते. अटल पेन्शन योजना चांगली आहे. तरी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या एका पाहणीत, योजनेतून बाहेर पडलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी सांगितले की खाते आपल्याला स्पष्टपणे न विचारताच उघडले गेले होते. २०२४च्या सुरुवातीला हे प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर राजकीय खडाखडीही झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँक ऑफ बडोदाला तिच्या मोबाइल अॅपवर नवे ग्राहक घ्यायला बंदी केली. नोंदणीचा आकडा फुगवण्यासाठी खातेदारांच्या खात्यांना भलतेच मोबाइल क्रमांक जोडल्याची प्रकरणे त्याआधी उजेडात आली होती. बंदी उठायला मे २०२४ उजाडला. अमेरिकेत वेल्स फार्गोमध्ये हेच २०१६ साली फार मोठ्या प्रमाणावर उघड झाले होते: लाखो बनावट खाती, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांची हकालपट्टी, आणि शेवटी २०२० मध्ये तीन अब्ज डॉलरची तडजोड. तिन्ही ठिकाणी आकडा वरून ठरला, करणी खालच्याच्या हातून झाली, आणि बदनामीतला मोठा वाटा खालच्याच्याच वाट्याला आला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत बँकांना सुनावले, की विमा गळ्यात मारण्याने कर्जदाराचा खर्च आडमार्गाने वाढतो. बोलणे अगदी रास्त होते. पण तो विमा गळ्यात मारणाऱ्या शाखाधिकाऱ्यावर दडपण आणणारी साखळी ज्या सरकारी बँकांत आहे, त्यांची मालकी अर्थमंत्र्यांच्याच खात्याकडे आहे. कर्ज मागायला आलेल्या माणसाला नको असलेली पॉलिसी विकल्यावर, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उद्या बोलता येत नाही. काउंटरवरचा माणूस मान वर करत नाही याचे एक कारण हेही असावे.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप असा, की जाब विचारला म्हणूनच सरकारी बँका वाचल्या. २०१७-१८ मध्ये त्यांना मिळून ८५ हजार कोटींहून अधिक तोटा झाला होता, आणि २०२४-२५ मध्ये पावणेदोन लाख कोटींहून अधिक नफा. दट्ट्या नसता तर हे झाले असते का? आक्षेपात तथ्य आहे. दुपारी तीनला खिडकी बंद, काउंटर रिकामे आणि आत चहा चाललेला, हे चित्र लोकांनी स्वप्नात पाहिलेले नाही. जुन्या बँकिंगचे गोडवे गाणाऱ्यांनी ते आठवावे. पण तोटा कुठून आला होता तेही आठवावे. थकीत कर्जांचा डोंगर पोलाद, वीज, रस्ते, कापड यांतल्या बड्या कर्जांनी रचला होता, आणि ती कर्जे मुंबई-दिल्लीच्या बोर्डरूममध्ये मंजूर झाली होती. डोंगर उतरला तो २०१६च्या दिवाळखोरी संहितेने, २०१७ पासून सरकारने ओतलेल्या भांडवलाने आणि मोठ्या प्रमाणावर केलेल्या निर्लेखनाने. यात शाखांतल्या शिस्तीचा वाटा शून्य नाही, मोठाही नाही. मंगरुळपीरच्या शाखेतल्या संध्याकाळच्या व्हीसीने भूषण स्टीलसारख्या बड्या थकबाकीदाराची वसुली झालेली नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. शाखेला अधिकार द्या म्हणता, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झालेला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा एका शाखेतूनच झाला ना? मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून तेरा हजार कोटींहून अधिक रकमेची हमीपत्रे बाहेर गेली. हे विसरून चालणार नाही. मात्र त्या शाखेत घडले ते अधिकार दिल्यामुळे घडले नव्हते. ती हमीपत्रे काढणारा अधिकारी त्याच टेबलावर वर्षानुवर्षे होता, बदलीचा नियम पाळला गेला नव्हता, आणि परदेशी बँकांना संदेश पाठवणारी स्विफ्ट यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीशी जोडलेलीच नव्हती. म्हणजे अधिकार नसताना चोरीच्या वाटेने वापरला गेला आणि देखरेख झोपली होती. अधिकार आणि तपासणी दोन्ही एकत्र नांदू शकतात याचा दाखला स्वीडनमध्ये आहे. हांडेल्सबांकेन या तिथल्या मोठ्या बँकेचे प्रमुखपद १९७० साली यान वालान्डर यांनी घेतले आणि वरून ठरवलेले वार्षिक बजेट व विक्रीची टार्गेटे मोडीत काढली. कर्ज द्यायचे की नाही हे शाखेने ठरवायचे, आणि ते बुडाले तर जबाबही शाखेनेच द्यायचा. नफ्यातला वाटा कर्मचाऱ्यांच्या निधीत जाई, आणि पद कोणतेही असो, तो सारखाच असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बँका कोसळल्या तेव्हा या बँकेला सरकारी मदत लागली नाही. अलीकडे तिनेही देशातल्या शाखा निम्म्याच्या आसपास आणल्या, तेव्हा तिला आदर्श म्हणून पूजायचे कारण नाही. स्वीडन श्रीमंत आहे, तिथे कर्जमाफी नसते, हेही मान्य. आपल्यासाठी बोध मर्यादित आहे: दोन लाखांच्या पीक कर्जाचा निर्णय शाखेत घेऊ दिल्याने बँक बुडत नाही. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतचे शेतीकर्ज तारणाशिवाय द्यायला सांगितले आहे. मग त्या रकमेपुरता विश्वास बँकेने आपल्याच शाखाधिकाऱ्यावर का टाकू नये?

खासगी बँकांकडे बोट दाखवणाऱ्यांनाही उत्तर द्यायला हवे. तिथे एसी आहे, नमस्कार आहे, काम पटापट होते. पण त्या नमस्कारामागचा माणूस किती दिवस टिकतो? रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०२४च्या वार्षिक अहवालात म्हटले आहे, की निवडक खासगी आणि लघुवित्त बँकांत नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण तीन वर्षांत झपाट्याने वाढून सरासरी पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेले आहे. चारांतला एक जण दरवर्षी जातो. अहवालाने याला कामकाजातली जोखीम म्हटले, संस्थेची स्मृती पुसली जाते असे बजावले. जून २०२३ मध्ये कोलकात्यातल्या एका खासगी बँकेचा वरिष्ठ अधिकारी ऑनलाइन बैठकीत हाताखालच्यांवर कसा खेकसतो, याची चित्रफीत देशभर फिरली आणि त्याला निलंबित व्हावे लागले. सरकारी बँकेतला माणूस मन काढून घेतो आणि खुर्चीवर राहतो, खासगीतला खुर्चीसकट निघून जातो. खातेदाराच्या वाट्याला दोन्हीकडे अनोळखी चेहराच येतो.

चेहऱ्याचा विषय निघाला की मराठीचा मुद्दा येतोच. २०२५च्या गुढीपाडव्यानंतर बँकांत मराठीचा आग्रह धरणारे आंदोलन झाले, काही शाखांत अरेरावीही झाली, आणि आठवडाभरात ते थांबवण्यात आले. वऱ्हाडी बोलणाऱ्या खातेदाराला त्याच्या भाषेत उत्तर मिळालेच पाहिजे, यात तडजोड नको. पण बिहार किंवा आंध्रातून आलेल्या पंचविशीतल्या अधिकाऱ्याला मराठीची कसलीही नीट तयारी न देता रिसोडला पाठवणारा निर्णय त्याचा नसतो. घर मिळत नाही, जोडीदाराची नोकरी दुसऱ्या राज्यात, म्हणून तो बदलीची तारीख मोजत राहतो. मराठी अधिकाऱ्यांतलेही कितीतरी अकोल्याहून अप-डाऊन करतात, आणि सहाच्या गाडीकडे डोळे लागलेला माणूस गावात रुजत नाही. ही अडचण पन्नास वर्षांपूर्वी ओळखली गेली होती. नरसिंहम गटाच्या शिफारशीवरून १९७५ मध्ये ग्रामीण बँका निघाल्या, त्यामागची कल्पनाच ही होती की माणसे त्याच मुलखातली, तिथल्या शेतीची आणि बोलीची जाण असलेली असावीत. वाशिममध्ये ते काम विदर्भ कोकण ग्रामीण बँक करत होती. नावातच विदर्भाला कोकण जोडले गेले होते, त्यातला विनोद बाजूला ठेवू. १ मे २०२५ पासून एक राज्य एक ग्रामीण बँक या धोरणाखाली ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. भांडवल आणि तंत्रज्ञान यांच्या दृष्टीने एकत्रीकरण समजण्यासारखे आहे. फक्त बदलीचे क्षेत्र राज्यभर पसरले, तर ज्या एका गुणासाठी या बँका काढल्या तोच निसटेल.

सगळे खापर बँकेच्या मुख्यालयावर फोडणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही. वसुलीचे उदाहरण घ्या. २०१७ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, २०१९ची महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंच्या आंदोलनानंतर ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याचे राज्य सरकारचे आश्वासन. कर्जमाफी योग्य की अयोग्य हा स्वतंत्र वाद आहे, आणि सोयाबीनचे भाव पाहता शेतकऱ्याला दोष देण्याची माझी तयारी नाही. पण माफीची चाहूल लागली की भरू शकणाराही थांबतो, खाते थकीत होते, आणि शाखेचा एनपीए वाढला म्हणून गुणपत्रक खराब होते ते शाखाधिकाऱ्याचे. थकबाकीदाराच्या खात्यात अनुदान आले तर यंत्रणा 'होल्ड' लावते, जिल्हाधिकारी होल्ड काढा म्हणतात, वरचे कार्यालय लेखी आदेश दाखवा म्हणते. या खेचाखेचीत शाखाधिकाऱ्याचा स्वतःचा निर्णय असा कुठेच नसतो. त्याने काय करावे हे दोघे सांगतात. झालेल्याची सही मात्र त्याची.

म्हणून सुधारणा कुठून सुरू करावी असे विचारले तर मी प्रेरणादायी भाषणांच्या आणि सर्वेक्षणांच्या वाटेला जाणार नाही. लहान कर्जाचा अंतिम निर्णय शाखेत यावा, त्यावर तपासणी कडक असावी, आणि शाखेचे मूल्यमापन विमा विक्रीऐवजी पीक कर्ज, लघुउद्योग कर्ज आणि तक्रार निवारण यांवर व्हावे. एवढे करायला नवा कायदा लागत नाही, बँकांच्या संचालक मंडळांचे ठराव पुरतात. ते होईपर्यंत जिल्ह्याच्या हातातही एक गोष्ट आहे. जिल्हास्तरीय सल्लागार समितीच्या तक्त्यात आज वाटप किती, टक्केवारी किती, एवढेच असते. त्यात शाखेतली मंजूर पदे व रिकामी पदे, आणि प्रत्येक बँकेकडे अर्ज शाखेतून वर गेल्यापासून परत येईपर्यंत जिल्ह्याबाहेर सरासरी किती दिवस पडून राहिला, असे दोन रकाने जोडता येतील. प्रकरण कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर होते ही नोंद बँकेच्या संगणकात आधीच असते, नव्याने काही गोळा करायचे नाही. पुढच्या आढावा बैठकीत मागच्या रांगेतल्या समन्वयकाला उभे करण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी हे दोन आकडे मागवावेत. एखाद्या बँकेने ते द्यायला टाळाटाळ केली, तर पत्र शाखेला न लिहिता सरळ तिच्या मुख्यालयाला लिहावे.